साठ किलोमीटर, एक सायकल आणि गढूळ नदी

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांचे इअरफोन हरवलेत किंवा जे ऑफिसात मीटिंगमध्ये बसून गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी. बोलण्यातले 'अॅक्च्युअली' शक्य तितके काढलेत, तरी काही राहिलेच असतील.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, तू अॅरिझोनात राहतोस तर तिथल्या वाळवंटात सायकल चालवल्याचं सांग ना. सांगतो. फक्त यात मी हिरो नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. आणि हो, मी 'सायकल'च म्हणणार आहे. माउंटन बाइक म्हणायला हवं, पण 'बाइक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्प्लेंडर येते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात ओळख. वय अठ्ठावीस, बीटेक, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमध्ये राहतो. मूळचा मंगळवेढ्याकडचा. म्हणजे मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत, दुपारी दोन वाजता, अनवाणी क्रिकेट खेळलेला माणूस. ऊन काय असतं हे मला कोणी शिकवू नये, असं मला गेल्या एप्रिलपर्यंत वाटत होतं.

तर अॅरिझोना ट्रेल. मेक्सिकोच्या सीमेपासून युटा राज्याच्या सीमेपर्यंत जाणारी साधारण ८०० मैलांची, म्हणजे जवळजवळ १,३०० किलोमीटरची पायवाट. डेल श्यूवॉल्टर नावाचे फ्लॅगस्टाफचे एक शिक्षक १९८५ साली हे राज्य दक्षिण-उत्तर असं चालत गेले आणि मग अशी सलग वाट असावी म्हणून मागे लागले. २००९ मध्ये तिला 'नॅशनल सीनिक ट्रेल'चा दर्जा मिळाला. पायी जा, घोड्यावर जा, सायकलवर जा, इंजिनवालं काही चालत नाही. त्यातही 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या भागात सायकललासुद्धा बंदी, तिथे वळसा घालायचा. ग्रँड कॅन्यनमध्ये तर गंमतच. सायकल खोलून पाठीवर बांधायची आणि अख्खी दरी उतरून-चढून जायचं, चाक जमिनीला लागता कामा नये. लोक हेही करतात. मी नाही.

मी निवडलेला तुकडा पिकेटपोस्ट ते केल्विन. सुपीरियर नावाचं तांब्याच्या खाणींचं गाव आहे, त्याच्याजवळ पिकेटपोस्ट डोंगर. तिथून दक्षिणेला निघायचं, अॅलमो कॅन्यनमधून वर चढायचं, मग हिला नदीच्या खोऱ्यात उतरायचं आणि नदी धरून केल्विनच्या पुलापर्यंत. साधारण साठ किलोमीटर. संपूर्ण ट्रेलमधला सगळ्यात शेवटी, २०११ च्या डिसेंबरात, बांधून पूर्ण झालेला तुकडा याच खोऱ्यातला आहे, आणि का शेवटी राहिला ते तिथे गेल्यावर कळतं. मधे एक डांबरी रस्ता नाही. वीकएंडला थोडे लोक असतात. मी मंगळवारी सुट्टी टाकून गेलो. दिवसभरात दोन माणसं दिसली, दोन्ही पहिल्या तासात.

तयारी मी एखादं रिलीज करावं तशी केली होती. पाठीवरच्या बॅगेत तीन लिटरची पाण्याची पिशवी, सायकलला एकेक लिटरच्या दोन बाटल्या, एकूण पाच लिटर. पाणी गाळायचा छोटा फिल्टर. ट्यूबलेस टायर, आत ते पांढरं सीलंट, शिवाय स्पेअर ट्यूब. हिला नदीवर वरच्या बाजूला कूलिज धरण आहे आणि पाणी सोडलं तरच नदीला नीट पाणी असतं, म्हणून केल्विनजवळच्या सरकारी मोजयंत्राचे आकडे आदल्या रात्री ऑनलाइन पाहिले. पाणी होतं. आणि एक फणी.

फणीवरून आमच्या घरी हशा पिकला होता. इथे चोया नावाचं निवडुंग असतं. त्याचे काटेरी गोळे नुसता धक्का लागला तरी तुटून अंगाला चिकटतात, हाताने काढायला गेलात तर हाताला चिकटतात. फणी खाली सरकवायची आणि झटक्यात उडवायचा.

गाडी पिकेटपोस्टला लावायची, रूममेट संध्याकाळी चारला केल्विनला घ्यायला येणार, असं ठरलं. रूममेट नागपूरचा आहे, नाव घेऊ नको म्हणाला आहे. सोबत सॅटेलाइट मेसेंजर होता. हातात मावणारं यंत्र, मोबाइलची रेंज नसली तरी उपग्रहावरून एसएमएस पाठवतं. आणि ठरलेला टाइमआउट: रात्री आठपर्यंत मी आलो नाही, तर शेरीफच्या ऑफिसला फोन. इथे हरवलेल्याला शोधायचं काम काउंटीच्या शेरीफकडे असतं.

सकाळी सहा-दहाला, सूर्य उगवता उगवता, निघालो. साडेसातला आईचा फोन. अॅरिझोना घड्याळं पुढेमागे करत नाही, त्यामुळे वर्षभर आमच्यात बरोब्बर साडेबारा तासांचं अंतर असतं. तिचे रात्रीचे आठ, जेवणं उरकलेली, माझे सकाळचे साडेसात. रोजचा फोन. एका खांडीवर रेंज आली आणि फोन वाजला.

"धाप का लागलीय रे?"

"जिना चढतोय गं. ऑफिसला आलोय."

"बरं. पाणी पीत जा, तिकडं ऊन वाढलं असंल."

"हो गं."

ही थाप मी इतक्या सहज मारली की फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत विसरलोसुद्धा.

अॅलमो कॅन्यनचा चढ लांबून सोपा वाटतो. वाट आहे, पण दोन्ही बाजूंनी झाडोरा आत आलेला. कॅटक्लॉ नावाचं झुडूप आहे, आपल्या खैराच्याच कुळातलं, काटे अगदी तसेच वाकडे. शर्टाला धरून ठेवतं, सोडतच नाही. कोरड्या ओढ्यात सुट्टी खडी, चाक रुततं, उतरून ढकला. पुन्हा चढा, पुन्हा उतरा. मी अडीच तास धरले होते, लागले पावणेचार. पण सुंदर आहे हं. सवारोचे खांब, तीन मजली इमारतीएवढे. या झाडाला पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. म्हणजे ज्याला तीन-चार हात आहेत तो आपल्या पणजोबांच्या वयाचा. मधूनमधून फड्या निवडुंग, आपल्या बांधावरचा. तो मूळचा या खंडातलाच, तिकडे आपल्याकडे नंतर आला. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

दहाच्या सुमाराला माथ्याजवळ पोचलो. माझा एक नियम होता, घरी बसून ठरवलेला: माथ्यावर अडीच लिटरपेक्षा कमी पाणी असेल तर परत फिरायचं. मोजलं. तीन लिटरला थोडं कमी. पास. पुढे निघालो.

इथून नदीपर्यंत उतार, सहाशे मीटरच्या आसपास खाली. वाट डोंगराच्या कडेने वळणं घेत जाते, समोर लाल-पिवळे सुळके, एका बाजूला खोल घळ, आणि कुठेही माणसाची खूण नाही. मी मोठ्याने गात होतो. एका वळणावर पुढचं चाक खडीवरून सरकलं आणि मी पाठीवर आपटलो. हाड वगैरे काही नाही. कोपर सोललं, मांडीला चोयाचे दोन गोळे. फणी बाहेर काढली, गोळे उडवले, स्वतःवर खूश झालो, फोटोही काढला. पाठीला गार वाटत होतं. छान वाटत होतं. घाम, असं वाटलं.

वीस मिनिटांनी पाण्याची नळी तोंडात धरून ओढली तर नुसती हवा.

पिशवी खालून फाटली होती. दगडाने की काट्याने, माहीत नाही. वीस मिनिटं माझं पाणी माझ्याच चड्डीतून वाळवंटात गळत होतं आणि मला ते छान वाटत होतं. उरलं काय, तर एका बाटलीतलं पाणी. दुसरी सकाळीच संपवलेली.

एका पालो व्हर्डीखाली बसलो. हिरव्या खोडाचं झाड, सावली म्हणाल तर चाळणीसारखी. सव्वाअकरा वाजले होते, तापमान तीसच्या वर गेलेलं. सॉफ्टवेअरवाले आहात तर कळेल, माझा नियम माथ्यावरच्या पाण्यासाठी लिहिलेला होता. माथ्यानंतर पाणी गेलं तर काय, ही केस लिहिलीच नव्हती.

परत गेलो तर चार-एक किलोमीटर चढ, मग अठरा-एकोणीस किलोमीटर बहुतेक उतार, वाटेत पाणी नाही, पण शेवटी माझी गाडी, गाडीत दहा लिटर पाणी, आणि हायवे. साधारण चार तास. पुढे गेलो तर बारा किलोमीटर उतार, दोन तासांत नदी. फिल्टर आहे. पण नदीनंतर अजून पंचवीस किलोमीटर, आणि ते भर दुपारी.

मी पुढे गेलो. हिशेब चुकीचा नव्हता, आजही मला वाटतं पाण्याच्या दृष्टीने नदी जवळ होती. पण खरं सांगायचं तर उत्तर मी आधी ठरवलं होतं आणि बेरीज-वजाबाकी नंतर केली. मला ती वाट पूर्ण करायची होती. स्ट्राव्हावर टाकायची होती. एवढं साधं आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी मी तेव्हा केली नाही. मेसेंजर खांद्याच्या पट्ट्यालाच होता. 'पिशवी फुटली, पाणी कमी, नदीकडे जातोय, उशीर होईल' एवढं टाइप करायला दोन मिनिटं लागली असती. रूममेट घरी होता, पूर्ण रेंजमध्ये. नाही पाठवलं. कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं: 'काऊन बे, परत ये.' आणि ते मला वाचायचं नव्हतं. दुपारी नदीवर पोचल्यावर पाठवू, तेव्हा बातमी चांगली असेल, असा विचार केला.

उतार सावकाश उतरलो, आता पडायची चैन परवडणारी नव्हती. एक वाजून गेल्यावर नदी दिसली. दिसली, पण हाताशी नाही. काठाला टॅमरिस्कची जंगलं, आपल्याकडे झाऊ म्हणतात त्या जातीचं झाड. हे आशिया-युरोपातून इकडे आलंय आणि नद्यांचे काठ खाऊन बसलंय. फड्याने तिकडे जाऊन जे केलं त्याची परतफेड म्हणा. सायकल ठेवून, वाकून, सरपटत आत शिरलो, तेव्हा कुठे पाण्याला हात लागला.

चहा. दूध जास्त घातलेला चहा, तसला रंग. फिल्टरमधून पहिला पाव लिटर आला, मग धार बारीक, मग थेंब, मग काहीच नाही. गाळाने चोंदला. उलटं पाणी मारून साफ करायचं, पण त्याला स्वच्छ पाणी लागतं आणि माझ्याकडे होतं ते सगळं मिळून घोटभर. गळ्यातला रुमाल चौपदरी करून त्यातून आधी गाळलं, बाटलीत ठेवलं, गाळ बसायची वाट बघितली. गाळ बसतच नाही हो. इतका बारीक की अर्ध्या तासानंतरही वरचं पाणी तसंच. पाव लिटर, थांबा, पाव लिटर, थांबा. दोन लिटर व्हायला तीन वाजत आले.

त्या सगळ्यात एक गोष्ट झाली जी मला अजून आठवते. मी बसल्या बसल्या हिशेब करत होतो, साठातून चौतीस गेले तर किती राहिले. आणि मला येईना. तीनदा केलं. एकदा सोळा आलं, एकदा छत्तीस. अंगावर त्या उन्हात काटा आला होता, थंडी वाजल्यासारखा. तेव्हा मात्र मी घाबरलो. रुमाल भिजवून डोक्यावर टाकला, झाऊच्या सावलीत पडून राहिलो, पाणी घोट घोट घेतलं. सव्वीस हे उत्तर आल्यावर उठलो.

तीन वाजता मेसेज पाठवला. 'ठीक आहे. नदीवर आहे. उशीर होईल, साडेसात धर.' यंत्राने 'पाठवला' असं दाखवलं. मी निवांत.

आता माझ्या डिझाइनमधली घोडचूक ऐका. उपग्रहाने मेसेज पाठवला, पण तो शेवटी जातो कुठे? रूममेटच्या साध्या फोनवर, एसएमएस म्हणून. त्या फोनला रेंज लागते. तो अडीचलाच चँडलरहून निघाला होता, आणि माझा मेसेज सुटला तेव्हा डोंगरातल्या पट्ट्यात होता. चारला केल्विनच्या ट्रेलहेडला येऊन बसला, तिथे त्याच्या फोनला एक काडीसुद्धा नव्हती. मी फक्त माझ्या बाजूच्या रेंजचा विचार केला होता. बीटेक.

नदीकाठची वाट सपाट असेल असं मला नकाशावरून वाटलं होतं. नाहीये. प्रत्येक ओढ्यासाठी खाली, परत वर, पुन्हा खाली. अशा किती झाल्या मोजल्या नाहीत. पंक्चर एक, प्लगने भागलं. मधे एकदा पुन्हा पाणी गाळायला थांबलो, पुन्हा चाळीस मिनिटं. नदीच्या बाजूने तांब्याच्या खाणीसाठीची रेल्वेलाइन जाते. ती दिसत राहिली, गाडी काही आली नाही, पण रूळ बघूनसुद्धा बरं वाटत होतं. पावणेसातला सूर्य गेला. डोंगर पाच मिनिटं गुलाबी झाले आणि मग एकदम काळे. हेडलॅम्प लावला. रात्री वाटेवर उबेला रॅटलस्नेक येऊन बसतात हे माहीत होतं, त्यामुळे प्रत्येक काठीपाशी ब्रेक.

सात-चाळीसला पूल ओलांडला. पार्किंगमध्ये गाडी नाही.

मी तिथे बसलो. काय करायचं ते सुचेना. दहा-बारा मिनिटांनी हेडलाइट दिसले. तो खाली उतरला, माझ्याकडे बघितलं, एक शब्द बोलला नाही. मागून पाण्याचा गॅलन काढून माझ्यापुढे ठेवला आणि सायकल रॅकवर चढवायला लागला.

सुपीरियर येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मग त्याने सांगितलं. चार ते सात तो तिथेच बसून होता. दर अर्ध्या तासाने पूल ओलांडून ट्रेलवर एक-दीड किलोमीटर चालत जायचा, हाका मारायचा, परत यायचा. सातला, अंधार पडल्यावर, त्याने ठरवलं की आठची वाट बघायची नाही. रेंज मिळेपर्यंत गाडी चालवली. काडी आली, शेरीफच्या ऑफिसचा नंबर लावणार, तेवढ्यात माझा तीन वाजताचा मेसेज धाडकन येऊन पडला.

"शेरीफला फोन करायचं टेन्शन नव्हतं बे," तो म्हणाला. "त्यानंतरचा फोन. काकूंचा. तिकडे सकाळचे साडेसात वाजले असतील, त्या चहा करत असतील, असा विचार करत होतो. काय सांगणार होतो मी त्यांना? की तुमचा पोरगा ऑफिसला गेलाय?"

त्याला सकाळच्या थापेचं माहीत होतं. मीच गंमत म्हणून मेसेज केला होता, साडेसातला, रेंज होती तेव्हा.

तो तीन तास तिथे बसला होता आणि त्याच्याकडे माहिती शून्य. मला निदान मी जिवंत आहे हे माहीत होतं. सव्वाअकराचा मेसेज मी पाठवला असता तर त्याने शिव्या दिल्या असत्या, कदाचित दुसऱ्या बाजूने पाणी घेऊन चालत आला असता, कदाचित मला परत फिरवलं असतं. मला एकट्याने जायचं होतं म्हणून मी त्याला त्यातून बाहेर ठेवला, पण तो बाहेर नव्हताच.

आता मी काय बदललंय ते पटकन. पाणी एका पिशवीत नाही, तीन वेगळ्या ठिकाणी. दर दोन तासांनी मेसेज, बातमी चांगली असो की वाईट. घ्यायला येणारा रेंजमध्ये थांबतो, ट्रेलहेडला नाही. एकट्याने जाणं सोडलेलं नाही, हेही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये विचाराल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आईचा फोन आला. बेडवर पडून होतो, ओठ फुटलेले. सगळं सांगितलं. थापेसकट. ती बराच वेळ गप्प होती, इतका की मला वाटलं कॉल कट झाला. मला वाटलं आता रडणार किंवा सायकल विक म्हणणार. मग तिने विचारलं, नदीचं पाणी कसं होतं. म्हटलं, गढूळ, गाळ बसतच नव्हता, फिल्टर चोंदला, दोन तास गेले त्यातच.

"मग तुरटी नव्हती का?"

मी गप्प.

"टँकरचं पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायचास की तू. आजी तुलाच सांगायची. एवढासा खडा, खिशात मावतोय."

इथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळते. बघून आलो. चला, भेटू पुढच्या भागात.